हललेला हात

जुन्या बोर्डाच्या इमारतीत, जिथं आता घरफाळा घेतात,
घड्याळाच्या डावीकडे
नारोजी घाडी अजून उभे आहेत.
खाली नाव दोन लिप्यांत. कानडीत ‘गाडी’ झालंय,
मराठीत वेलांटी चुकलीय.
दोन्ही वाचून ते सारखेच हसले असते.

पावतीच्या रांगेत मी मान वर करते.
आधी उजवा हात बघते, मग चेहरा.

हा माणूस खुर्चीत मावायचा नाही.
जांबोटीहून पहाटे निघायचा
आणि उन्हं चढायच्या आत खानापुरात.
वाटेत तीन वाड्यांच्या तक्रारी ऐकलेल्या,
एका विहिरीत सूर मारून झालेला.
मागनं धापा टाकत बोर्डाचा कारकून, मष्णू गुरव,
शाईची दौत छातीशी धरून.
सही हवी तर मष्णूनंच वाकायचं,
त्याच्या पाठीवर कागद.
खांद्यावरच्या अस्वलाच्या वळांची गोष्ट
त्यांनी कधी सांगितली नाही. लोक सांगायचे,
आणि दर उन्हाळ्यात ते अस्वल हातभर वाढायचं.

बाबांच्या स्टुडिओत एक पडदा होता:
धबधबा, दोन हंस, संगमरवरी कठडा.
नारोजींनी धबधब्याला बोट लावून बघितलं.
“दत्तोबा, ह्या पाण्यात मासा गावतोय काय रे?”

म्हणून मग तिवई, काळं कापड, काचांची पेटी
आणि आरसा धरायला नऊ वर्षांची मी,
सगळं बैलगाडीत घालून मलप्रभेवर.
बाबांच्या पोटरीला दोन जळवा.
जन्मभर अंधाऱ्या खोलीत राबलेला माणूस,
उन्हात डोळे बारीक करून उभा.

नारोजींनी धोतर खोचलं, खडकावर चढले.
“हलू नका, साहेब.”
“किती वेळ उभा करायलाईस रे मला?
पलीकडं सांकव मोडलाय, बघाय जायचंय.”
मी शेवाळावर,
आरशातलं ऊन त्यांच्या गालावर पाडत.
बाबांनी भिंगावरचं टोपण काढलं.
एक, म्हणाले.
दोन म्हणायच्या आत माझा पाय सुटला.

काचेवर आलं ते असं:
चेहरा स्वच्छ, मिशीचा केस न् केस,
खडक, त्यावरची ओल,
आणि उजव्या मनगटापुढं नुसता एक पांढुरका झोत.
हात आधी निघाला होता.
बाकीचा माणूस मागाहून आला, पाण्यात.

आरसा तिथंच गेला. अजून असेल,
डोहाच्या तळाशी, आभाळाकडे तोंड करून किंवा पालथा.

बोर्डाला तो फोटो चालेना.
अध्यक्षाला हात नाही, धूर आहे, म्हणाले.
आठवडाभर बाबा पेन्सिल आणि पातं घेऊन बसले.
शेवटी मष्णूच्या लग्नाच्या फोटोतून
त्याचा उजवा हात कापला,
बोटातली अंगठी खरवडून काढली,
चिकटवला, परत फोटो घेतला.
तो हा.
अस्वलाशी झुंजलेल्या दंडाच्या टोकाला
नवरदेवाचा बारका, भिडस्त हात.
इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नाही.
एकटे नारोजी तेवढे अनावरणाला जवळ जाऊन म्हणाले,
“मष्णूचा काय? बरं झालं.
आता सह्या परभारे होतील.”

मूळ काच माझ्याकडे आहे,
जुन्या लुगड्याच्या घडीत.
खिडकीशी धरली की सगळं उलटं:
ऊन काळं, मिशी पांढरी,
आणि माझ्याकडे येणारा तो झोत
डोहावर पडलेल्या सावलीसारखा.
मी त्यात कुठंच नाही. चौकटीच्या बाहेर,
बुडायच्या बेतात.

“सही माडरी, आज्जी,” खिडकीतली पोरगी म्हणते,
मग माझा चेहरा बघून, “हितं. सही करा.”
मी पेन टेकवते. हल्ली हात थरथरतो,
चित्रगार मधला ‘त्र’ लांबवर ओढला जातो,
नाव वाचता येत नाही.
दुसरी पावती द्या, मी म्हणते, ही बिघडली.

ती कागद ओढून घेते, शिक्का उचलते.
“ऱ्हाऊ दे,” म्हणते. “चालतंय.”